रॅली रेसिंग टीव्हीवर रंगत नाही. ते रोमांचक करायला काय बदल करावेत?

असं विचारणारे बहुतेक जण स्वतःच तीन उपाय सुचवतात: स्टेज (म्हणजे वाहतूक बंद करून, घड्याळ लावून पळवायचा रस्त्याचा टप्पा) छोट्या करा, दोन गाड्या एकदम सोडा, गाड्यांची ताकद वाढवा. तिन्हींना माझा विरोध आहे. रॅलीत बदलण्यासारखं फार काही नाही, बदलायला हवं ते दाखवणाऱ्यांनी. मी कोल्हापूरचा, बरीच वर्षं नेव्हिगेटर म्हणून, म्हणजे ड्रायव्हरला पुढची वळणं वाचून सांगणारा म्हणून, डाव्या सीटवर बसलोय, आणि हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

‘एका वेळी एकच गाडी दिसते, म्हणून लोकांना कळत नाही’ हे महाराष्ट्रात तरी कुणी बोलू नये. जुन्नर, आंबेगाव, खेडकडं घाटातली बैलगाडा शर्यत कशी होते? एका वेळी एकच गाडा सुटतो, घड्याळ लागतं, सेकंदांवर नंबर ठरतो. आमच्या भागात गाड्या शेजारीशेजारी पळतात, तो प्रकार वेगळा. पण तिकडं माणसं उन्हात उभी राहून एकट्या गाड्याची बारी श्वास रोखून बघतात, कारण किती सेकंदांना मागं टाकायचंय हे प्रत्येकाला ठाऊक असतं. रॅलीच्या प्रेक्षकाला नेमकं तेवढंच कुणी सांगत नाही.

माझ्याबाबतीत काय झालं ते सांगतो. राष्ट्रीय स्पर्धेची एक फेरी होती, नाशिककडं. शेवटच्या स्टेजला आम्ही आमच्या क्लासमध्ये दुसरे होतो, पहिल्या गाडीपेक्षा चार सेकंद मागं. चौदा-पंधरा किलोमीटरची कच्च्या रस्त्याची स्टेज, मध्ये एक ओढा, पुढं घाट उतार. रेकीत, म्हणजे आधी रस्ता बघून वळणांच्या नोट्स लिहितो तेव्हा, मी ओढ्यानंतरच्या वळणाची नोट दोनदा खोडून लिहिली होती: ‘राइट थ्री टाइटन्स, डोन्ट कट’, म्हणजे उजवं वळण पुढं आवळत जातं, आतून कापू नको, कारण आतल्या बाजूला गवतात दगड होता. ड्रायव्हरनं त्या आवाजावर डोळे झाकून विश्वास ठेवला. तो दगड त्याला दिसलाच नाही, त्यानं फक्त ऐकला. स्टेज संपली तेव्हा चार सेकंद भरून निघाले होते आणि वर सेकंदाचा जेमतेम अर्धा भाग आमचा होता. क्लास आम्ही जिंकला.

एका चॅनेलवर त्याचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागणार होता. मंगळवार पेठेत आमच्या घरी बाहेरची खोली माणसांनी भरलेली. काय दाखवलं? झेंडा दाखवणारे पाहुणे, त्यांची भाषणं, डबक्यातून पाणी उडवत जाणाऱ्या गाड्या, आणि एक उलटलेली गाडी पुन्हापुन्हा, हळू करून. सगळ्यावर ढणढण संगीत. आमच्या गाडीत कॅमेरा लावला होता, माईक होता, पण माझा एक शब्द ऐकू आला नाही. निकाल शेवटी खालच्या पट्टीत सरकून गेला. आई म्हणाली, “मी मघाधरनं बघतोय, तू कुठं दिसंनास.” आणि काका म्हणाले, “गाडी दुसराच चालवतोय की. तू नुसता शेजारी बसायला जातोस व्हय?”

ते वाक्य मला लागलं. काकांचा त्यात काही दोष नाही, त्यांना जे दाखवलं त्यावरूनच ते बोलले. मी कार्यक्रम करणाऱ्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, “अहो, आकडे बघायला कोण बसतंय? लोकांना ॲक्शन पाहिजे. शेजारचा माणूस वही वाचतो, त्यात मी काय दाखवू?”

त्यावर मी एक गोष्ट केली. आमच्या गाडीतलं मूळ शूटिंग मागून घेतलं, आणि ज्यांना हरवलं होतं त्या टीमनंही त्यांचं मोठ्या मनानं दिलं. चुलतभावानं दोन्ही पडद्यावर शेजारीशेजारी बसवली, आणि आमचं चार सेकंद उशिरा सोडलं. म्हणजे पडद्यावर जो आधी पोचेल तो रॅलीत पुढं, हिशेब करायची गरजच नाही. गणपतीत तालमीसमोर पडदा लावून ते दाखवलं. नोट्सचा आवाज मोठा ठेवला, संगीत शून्य. सुरुवातीला दोनच मिनिटं मी माईकवर सांगितलं की आकडा लहान म्हणजे वळण अवघड, ‘क्रेस्ट’ म्हणजे पुढचं दिसत नाही असा चढ.

वडाच्या झाडाशी ते आमच्या बरेच आधी पोचले. ओढ्याच्या फरशीवर फरक कमी दिसला, तेव्हा गर्दीत आवाज सुरू झाला. घाट उतारावर तर दोन तट पडले. हीच पोरं शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहारचा फुटबॉल सामना बघायला भिंतीवर चढतात, त्यांना बाजू घ्यायला वेळ लागत नाही. समोरची लहान मुलं माझ्या आवाजाबरोबर ‘राइट थ्री’ ओरडायला लागली. निकाल पेठेतल्या निम्म्या लोकांना आधीच माहीत होता, तरी फिनिशला सगळे उभे होते. त्या शूटिंगमध्ये एकही गाडी उलटत नाही.

जागतिक रॅलीतही हेच दिसतं. 2011 च्या जॉर्डन रॅलीत सेबास्टियन ओजिए या ड्रायव्हरनं लाट्वालाला 0.2 सेकंदानं हरवलं. 2024 ला सार्डिनियात तोच ओजिए शेवटच्या स्टेजपर्यंत पुढं होता, टायर पंक्चर झाला आणि टॅनाक 0.2 सेकंदानंच जिंकला. शेकडो किलोमीटर, आणि फरक एवढासा! यात आणखी रोमांच कुठून घालणार? 2011 पासून शेवटच्या पॉवर स्टेजला वेगळे गुण आहेत, ते चांगलं केलं. 2018 पासून सगळ्या स्टेज थेट बघायची सोय झाली, ते त्याहून चांगलं. पण 2024 ला शनिवार-रविवारचे गुण वेगळे करून बघितले, आणि स्वीडनमध्ये रॅली जिंकणाऱ्या लाप्पीपेक्षा दुसऱ्या आलेल्या एव्हन्सला जास्त गुण मिळाले. जिंकणाऱ्याला कमी गुण, हे प्रेक्षकाला कसं पटणार? पुढच्याच वर्षी ती पद्धत बदलावी लागली.

ताकद वाढवण्याबद्दल: ग्रुप बी, म्हणजे ऐंशीच्या दशकातला अफाट ताकदीच्या रॅली गाड्यांचा गट, आठवा. 1986 ला पोर्तुगालमध्ये गाडी गर्दीत घुसून प्रेक्षक मेले, कॉर्सिकात ड्रायव्हर टोइवोनेनची गाडी दरीत जाऊन पेटली. त्याच्याबरोबर त्याचा को-ड्रायव्हर, म्हणजे नेव्हिगेटर, सर्जिओ क्रेस्टोही गेला, हे नाव फार कमी लोक घेतात. मी मुद्दाम घेतो.

दोन गाड्या एकदम सोडायचा प्रकार सुपर स्पेशल स्टेजला आहेच, स्टेडियममध्ये छान दिसतो, तेवढाच असावा. सर्किटची, म्हणजे बंद ट्रॅकवर सगळ्या गाड्या एकदम पळवायची, शर्यत हवी असेल तर ती वेगळी आहे, आणि त्यात आमच्या कोल्हापूरची कृष्णराज महाडिक, ध्रुव मोहिते अशी नावं आहेत. रॅलीला सर्किट बनवू नका.

काही अडचणी खऱ्या आहेत, त्याही सांगायला हव्यात. आपल्याकडं स्टेज जिथं असतात तिथं मोबाइलला रेंज नसते. जागतिक रॅलीत सिग्नल पोचवायला विमान वर फिरवतात, तेवढा पैसा इथं नाही. त्यामुळं थेट प्रक्षेपणाचा हट्ट मी धरणार नाही. त्याच रात्री तासाभराचा, दोन-तीन झुंजींवरच बेतलेला कार्यक्रम पुरे. दुसरं, प्रसिद्धी वाढली की गर्दी वाढते. 2019 ला राजस्थानात चालू स्टेजवर मोटारसायकल आली आणि एकाच कुटुंबातली तिघं गेली. रस्ता बंद ठेवायला माणसं नसतील तर कॅमेरेही नेऊ नका. आणि हेही खरं की गणपतीतली गर्दी माझ्या ओळखीची होती; अनोळखी प्रेक्षक धरून ठेवायला चांगला मराठी निवेदक लागेल, ज्याला दोन स्टेजमधला फरक तोंडपाठ आहे असा.

पण ‘आकडे बघायला कोण बसतंय’ हे मी आजही मान्य करत नाही. रॅली ड्रायव्हर गौरव गिलला 2019 ला अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटारस्पोर्टमधला पहिला. त्यानं तीनदा आशिया-पॅसिफिक रॅलीचं विजेतेपद मिळवलं. त्यातली एखादी पूर्ण स्टेज, घड्याळासकट, नोट्सच्या आवाजासकट, तुमच्यापैकी किती जणांनी मराठी चॅनेलवर बघितली आहे? दाखवलंच नाही तर लोकांना आवडत नाही हे ठरवलं कुणी?

हे वाचणाऱ्यांत कुणी कार्यक्रम करणारा असेल तर एवढंच करा: हेल्मेटमधला नेव्हिगेटरचा आवाज इंजिनच्या आवाजापासून वेगळा रेकॉर्ड करा. दोन्ही एकत्र झाले की नंतर साफ करत बसावं लागतं, आणि तरी शब्द नीट येत नाहीत.