चिलटांच्या वेळा सांभाळ
घोडा घेतलास, फार बरं वाटलं. पण इथे दक्षिण आफ्रिकेत हॉर्स सिकनेसला, घोड्यांच्या या जीवघेण्या आजाराला, हलकं घेऊ नकोस. घोड्याकडून घोड्याला तो लागत नाही. विषाणू आणतात क्युलिकॉइड्स जातीची चिलटं. जेमतेम दोन मिलिमीटरची, साध्या मच्छरदाणीतूनही आत शिरतात. बारीक विणीची जाळी लाव. सूर्यास्ताच्या दोन तास आधीच घोडा तबेल्यात घे, सकाळी ऊन चढल्यावर सोड. पंखा चालू ठेव, वाऱ्यात त्यांना नीट उडता येत नाही. टाकी गळते तिथला शेणाचा चिखल आधी उपस, ती तिथेच वाढतात. लस हंगामाआधीच. फेब्रुवारी ते एप्रिल रोज ताप बघ, 38.5 अंश सेल्सियसच्या वर गेला की सावध हो. आणि डोळ्यांवरचे खळगे भरून फुगलेले दिसले, तर रात्रीच डॉक्टरांना बोलव. माझ्या घोडीच्या वेळी मी सकाळपर्यंत थांबलो होतो.