आतलं काम सुरू करतोयस? आधी हे वाच

अरे, बेलापूरच्या शेडमध्ये बोट उलटी करून हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं कवच, पूर्ण केलास, भारीच, पण आता लगेच बंक (झोपायचे फळकुटे) आणि लॉकर ठोकायला घेऊ नकोस. आधी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून सगळं आत उभं कर, त्यात बसून बघ, डोकं कुठे आपटतं, पाय पसरतात का, कारण हलची बाजू कुठेच सरळ नसते आणि प्लाय एकदा चुकीचा कापला की गेला.

प्लाय आयएस ७१० छापलेलाच घे, म्हणजे मरीन प्लाय, ३०३ वाला साधा प्लाय आत चालतो असं दुकानदार म्हणेल, ऐकू नकोस. कडा मात्र जपायच्या, पाणी तिथूनच शिरतं, सगळ्या कडांना इपॉक्सीचे (दोन भाग मिसळून लावायच्या रेझिनचे) तीन हात दे, स्क्रूची भोकंसुद्धा सोडू नकोस. माझ्या पहिल्या बोटीत सिंकखालची एकच कड कोरी राहिली होती, दोन पावसाळ्यांत नखाने उकरता येईल इतका प्लाय मऊ झाला, फार वाईट वाटलं.

पावसाळ्यात इपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो पाण्याने घासून धुतल्याशिवाय पुढचा हात मारू नकोस. स्क्रू ३१६ स्टेनलेस स्टीलचे, खाऱ्या पाण्यात टिकणारे. पायाखालच्या फळ्या उचलता येतील अशाच बसव, तळाला हात पोचलाच पाहिजे.