गोठ्याची घाई करू नकोस

यंदा चर्चमधला नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, तुझ्याकडे आलाय, छान झालं. पण पहिल्याच रविवारी दिव्यांच्या माळा सोडू नकोस. नाताळआधीच्या आगमनकाळाचे चार रविवार वाट पाहण्याचे. म्हणून तर वेदीवर जांभळा रंग. तिसऱ्या रविवारी गुलाबी मेणबत्ती लागते, तेव्हा जरा सैल हो.

गोठ्यातल्या हिरवळीसाठी नाचणी मात्र वेळेत पेर. रात्रभर भिजव, मग उथळ ताटलीत ओल्या मातीवर दाट पसर. कोंब दिसेपर्यंत झाकून ठेव. इकडच्या विहिरी मचूळ, ते पाणी घालू नकोस. या दिवसांत चर्चमध्ये बायबलमधल्या यशया संदेष्ट्याची वाचनं असतात. इशायाच्या, म्हणजे दावीद राजाच्या वडिलांच्या, बुंध्याला फुटणाऱ्या धुमाऱ्याचा उतारा पेरतानाच वाच. गोठा कसा हवा ते तिथून सुचेल.

थर्माकोल नको, मला तो बघवत नाही. झावळ्या, पेंढा घे. १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी इटलीतल्या ग्रेच्चो गावी गोठा मांडला तेव्हा खरा बैल, खरं गाढव आणि चारा होता. मग तुझ्या बेथलेहेमात होडी, जाळी का नसावी?

नाताळच्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामी ठेव. "बाळ कुठाय?" असं लोक विचारतील, विचारू देत. आणि वायरिंग जाणत्याकडून तपासून घे, पेंढा लवकर पेटतो.