मित्रांना मनातले सांगताना

मित्रांना रोजच्या अनुभवांतले काय सांगावे हे सुचत नाही, असे तुम्ही म्हणता. माझ्या मते आरंभ लहानशा आनंदापासून करावा, कारण कित्येक वर्षांपूर्वी हरवलेले पत्र जुन्या वहीत अचानक सापडले, एवढी गोष्टसुद्धा ऐकणाऱ्याला तुमच्या दिवसात सामील करून घेते. प्रसंग मोठा नाही म्हणून तो गिळून टाकणे ही नवख्यांची पहिली चूक असते.

दुसरी चूक ऐकताना होते आणि ती अधिक महागात पडते. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले की, जोडीदार आपल्या आनंदाच्या बातमीला उत्साहाने आणि आस्थेने प्रतिसाद देतो असे ज्यांना वाटत होते, त्यांच्या नात्यात समाधान अधिक होते. मैत्रीतही मला हेच जाणवले आहे. म्हणून नुसते ‘छान’ म्हणून थांबू नका; ‘मग पुढे काय झाले?’ असे मनापासून विचारा.

दुःखाच्या बाबतीत सध्या इतकेच पाळा:

- सांगण्यापूर्वी ‘आता ऐकायला वेळ आहे का?’ असे विचारा.
- सल्ला हवा आहे की केवळ सोबत, हे आधीच स्पष्ट करा.
- मित्र त्याची व्यथा सांगत असताना स्वतःची व्यथा मध्येच आणू नका.
- त्याने विश्वासाने सांगितलेले त्याच्या परवानगीशिवाय तिसऱ्याला सांगू नका.

पहिल्या प्रयत्नात शब्द अडखळले तरी घाबरू नका. माझेही अडखळले होते, आणि मित्र शांतपणे थांबला होता.