आरुषी-हेमराज हत्याकांडातील विसंगती नेमक्या कुठून आल्या?

आपण विचारले आहे की, घरात चार माणसे होती, त्यांतल्या दोघांचा रात्रीत खून झाला आणि उरलेल्या दोघांच्या सांगण्यात इतक्या विसंगती होत्या, तरी नोएडाच्या आरुषी-हेमराज प्रकरणात आई-वडील सुटले कसे, आणि लोक आजही ज्या शंका काढतात त्यांत तथ्य किती. मी फौजदारी खटले चालवणारा वकील आहे. या खटल्याशी माझा कसलाही संबंध आलेला नाही, पण गाझियाबादच्या विशेष न्यायालयाचे आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाचे अशी दोन्ही निकालपत्रे मी लक्षपूर्वक वाचली आहेत. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, लोक ज्यांना तलवार दांपत्याच्या विसंगती म्हणतात त्यांतल्या बहुतेक तपासाच्या विसंगती आहेत. ज्या थोड्या खरोखर त्या घरातल्या आहेत, त्या कोणा एकाकडेच बोट दाखवत नाहीत.

घटनाक्रम थोडक्यात सांगतो. १५ मे २००८ च्या रात्री नोएडाच्या सेक्टर २५ मधील जलवायू विहार या वसाहतीत, राजेश आणि नूपुर तलवार या दंतवैद्य दांपत्याच्या घरात त्यांच्या मुलीचा, आरुषीचा खून झाला. चौदावा वाढदिवस अवघ्या काही दिवसांवर आला होता. घरातला नेपाळी नोकर हेमराज सापडत नव्हता, म्हणून १६ तारखेला पोलिसांनी त्यालाच खुनी ठरवले आणि त्याच्यावर बक्षीस लावले. दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीच्या गच्चीवर हेमराजचा मृतदेह सापडला. म्हणजे ज्याच्या शोधात पोलीस बाहेर पडले होते, तो माणूस त्या घराच्या डोक्यावरच मरून पडला होता.

यावर जरा थांबायला हवे, कारण पुढची बहुतेक गुंतागुंत इथूनच निघाली. गच्चीच्या दाराला कुलूप होते. १६ तारखेलाच घरी आलेल्या काही लोकांनी त्या दारावर आणि जिन्याजवळ रक्तासारखे डाग पाहिले होते. खुनाच्या तपासात असे डाग दिसल्यावर कुलूप तोडायला किती वेळ लागतो? पण किल्ली मिळेना म्हणून ते दार तसेच राहिले, आणि ते उघडले गेले एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याच्या उपस्थितीत, दुसऱ्या दिवशी. मधल्या वेळेत आरुषीच्या खोलीत नातेवाईक, शेजारी, पत्रकार सगळे येऊन गेले, तिची गादी उचलून शेजारच्या गच्चीवर नेली गेली, खोली धुऊन काढली गेली. मे महिन्याच्या उन्हात हेमराजचा देह एका कूलरच्या पत्र्याखाली एक दिवसाहून अधिक काळ पडून राहिला. जे ठसे मिळाले त्यांतले बहुतेक कशाशीही जुळवून पाहण्याच्या लायकीचे राहिले नव्हते. "वडिलांनी मुद्दाम किल्ली दिली नाही" ही शंका लोक आजही घेतात आणि ती घेण्याजोगी आहे, हे मी मान्य करतो. पण गच्ची उघडण्याची जबाबदारी नुकतीच मुलगी गमावलेल्या बापाची होती की पंचनामा करणाऱ्या पोलिसांची, हा प्रश्न त्याआधी विचारला पाहिजे.

मग आली पत्रकार परिषद. २३ मे रोजी राजेश तलवार यांना अटक झाली आणि मेरठ परिक्षेत्राच्या पोलीस महानिरीक्षकांनी कॅमेऱ्यांसमोर मुलीच्या आणि नोकराच्या संबंधांची गोष्ट सांगून टाकली. ती सांगताना त्या मुलीचे नावसुद्धा त्यांनी चुकीचे घेतले. एका खून झालेल्या शाळकरी मुलीच्या चारित्र्याविषयी आणि स्वतःची बाजू मांडायला हयात नसलेल्या एका गरीब माणसाविषयी इतके भयंकर विधान करण्यासाठी त्या दिवशी हाताशी कोणता पुरावा होता? आरुषीच्या पहिल्या शवविच्छेदन अहवालात तसे काहीही नोंदलेले नव्हते. त्याच डॉक्टरांच्या पुढच्या जबाबांत मात्र एकेक गोष्ट वाढत गेली, आणि ज्या गोष्टी मूळ कागदावर नाहीत पण नंतर तोंडी येतात त्यांच्याकडे आम्ही वकील संशयाने पाहतो, मग त्या कोणाच्याही बाजूच्या असोत. लोकांच्या मनात मात्र ती पत्रकार परिषदच ठसली. त्यानंतर आई मुलाखतीत रडली नाही, वडील फार शांत होते, असली निरीक्षणे पुराव्यासारखी सांगितली जाऊ लागली. दुःखात माणसाने कसे दिसावे याचा कायदा नाही, आणि असूही नये.

आपण जी मुख्य शंका विचारली आहे, की बाहेरून कोणी आलेच नाही तर मारणार कोण, ती दाराच्या पुराव्यावर उभी आहे. त्या घराला एकामागे एक दारे होती: बाहेर लोखंडी जाळीचे, मग आणखी एक जाळीचे, आणि आत लाकडी. सकाळी सहाच्या सुमारास घरकामाची बाई आली, तिने बेल वाजवली, आणि शेवटी नूपुर तलवार यांनी वरून किल्ली टाकली. सरकार पक्षाचे म्हणणे असे की बाहेरचे दार आतून बंद होते, म्हणजे रात्री कोणी बाहेर गेलेच नाही. पण त्या बाईने सुरुवातीच्या जबाबात दाराला हात लावल्याचे सांगितले नव्हते. न्यायालयात तिने ते सांगितले, आणि उलटतपासणीत आपल्याला जे समजावून दिले तेच आपण सांगत आहोत असेही कबूल केले. उच्च न्यायालयाने यावर विस्ताराने लिहिले आहे आणि ते वाचण्यासारखे आहे. शिवाय हेमराजच्या खोलीला दोन दारे होती, एक घरात उघडणारे आणि एक थेट बाहेरच्या दोन जाळ्यांच्या दारांमधल्या जागेत उघडणारे. म्हणजे मुख्य लाकडी दाराला हात न लावता त्या खोलीतून येणे-जाणे शक्य होते. घर "बंद" होते हे गृहीतकच इथे सुटते, आणि चारांतून दोन वजा केले की उरले दोन हा सगळा हिशेब त्या गृहीतकावरच बेतलेला होता.

उशीची गोष्ट तर मी माझ्या कनिष्ठ सहकाऱ्यांना आवर्जून सांगतो. आरुषीच्या खोलीत दोघांना एकत्र मारले असे सरकार पक्षाचे म्हणणे असेल, तर तिच्या अंथरुणावर हेमराजचे रक्त मिळायला हवे. ते मिळाले नाही. पण पोलिसांनंतर तपास ज्यांच्याकडे गेला त्या सीबीआयने, तलवार दांपत्याच्या अर्जांना विरोध करताना, वरिष्ठ न्यायालयांपुढे सांगितले होते की, हेमराजच्या रक्ताची उशी आरुषीच्या खोलीत सापडली. खटल्यात त्या मुद्देमालाचे सील उघडले, आत कापडाला लावलेली चिठ्ठी वाचली, तर उशी हेमराजच्याच खोलीतून जप्त केल्याची नोंद निघाली. एवढ्याशा चिठ्ठीने सरकार पक्षाच्या कथेचा मधला खांब काढून घेतला. उलट बाजूलाही असेच एक कापड आहे. तलवारांच्या दवाखान्यातल्या मदतनीसाच्या खोलीतून घेतलेल्या उशीच्या अभ्र्यावर हेमराजचे रक्त असल्याचे हैदराबादच्या प्रयोगशाळेच्या २००८ च्या अहवालात आले, आणि २०११ मध्ये त्याच प्रयोगशाळेने दोन वस्तूंची वर्णने टंकलेखनात उलटसुलट झाल्याचा खुलासा केला. तलवारांची बाजू घेणारे पहिला अहवाल सांगतात, विरोधक फक्त खुलासा सांगतात. मला स्वतःला तो खुलासा फार उशिरा आलेला वाटतो. पण त्या कापडाच्या जोरावर त्या मदतनीसाला खुनी म्हणणे तितकेच चुकीचे आहे. त्याला आणि आणखी दोन नोकरांना सीबीआयच्या पहिल्या पथकाने पकडले होते, त्यांच्या नार्को चाचण्यांची दृश्ये वाहिन्यांवर दाखवली गेली, आणि शेवटी पुराव्याअभावी तिघेही सुटले. संमतीशिवाय अशी चाचणी करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी प्रकरणात सांगितले.

गोल्फची काठी, रात्रभर चालू-बंद झालेला इंटरनेटचा राउटर, दोघांच्याही रक्ताचे डाग असलेली दारूची बाटली, यांवर फार बोलले जाते. काठीविषयी तपासात आधी खुकरी आणि मग काठी असे हत्यारच बदलले. राउटर चालू-बंद झाला म्हणजे घरात कोणी जागे होते असे म्हणतात, पण तो माणसाने हात न लावताही जोडला-तुटला जाऊ शकतो. आणि बाटली कोणाच्या हातात होती हे कोणत्याही ठशाने सिद्ध झाले नाही. यापेक्षा अधिक वजन मी त्यांना देत नाही.

खरोखर अडचणीची शंका मला एकच वाटते: आरुषीच्या खोलीचे दार. ते रात्री बाहेरून कुलूपबंद होत असे आणि किल्ली आईकडे असे. मग ते उघडले कसे? राउटर चालू करायला आपण तिच्या खोलीत गेलो होतो आणि किल्ली कदाचित दारालाच राहिली असेल, असे नूपुर तलवार यांचे म्हणणे होते. हे उत्तर समाधानकारक नाही असे कोणाला वाटले, तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. पण त्याच सकाळी त्यांनी घरच्या फोनवरून हेमराजला केलेला फोन कोणीतरी उचलून कापला, आणि तो मोबाइल शेवटपर्यंत सापडला नाही, हीदेखील त्याच घरातली गोष्ट आहे. हेमराज तर तेव्हा मेलेला होता. ही दोन्ही तथ्ये एकाच कथेत सहज बसत नाहीत.

आता कायद्याचे. घराच्या चार भिंतींत गुन्हा घडला की आतल्या माणसाने खुलासा द्यावा, हे तत्त्व पुरावा कायद्याच्या कलम १०६ मध्ये होते आणि आज नव्या साक्ष अधिनियमात कलम १०९ मध्ये आहे. आपल्याकडच्या त्रिमुख मारोती किरकन खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे वापरले. न्यायाधीश श्यामलाल यांनी नोव्हेंबर २०१३ मध्ये जन्मठेप दिली, तेव्हा याच तत्त्वावर मोठा भर होता. मात्र खुलाशाचा भार आरोपीवर येतो तो सरकार पक्षाने आपली बाजू आधी उभी केल्यावरच. परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये शरद सारडा प्रकरणात, म्हणजे पुण्यातल्या एका तरुण विवाहितेच्या मृत्यूच्या खटल्यात, घालून दिल्या. त्याआधीच्या महाराष्ट्रातल्याच शिवाजी बोबडे खटल्यातला भेद त्यात आहे: आरोपीने गुन्हा केलेला असू शकतो हे पुरेसे नाही, केलेलाच असला पाहिजे इथपर्यंत पुरावा पोचावा लागतो. न्यायमूर्ती बी. के. नारायण आणि अरविंदकुमार मिश्रा यांच्या खंडपीठाने १२ ऑक्टोबर २०१७ रोजी याच मापाने साखळी तपासली आणि ती तुटलेली आढळली. बाहेरच्या माणसाचा प्रवेश अशक्य ठरला नाही, आई-वडील जागे होते हे सिद्ध झाले नाही, आणि दोन निष्कर्ष निघत असतील तर आरोपीच्या बाजूचा घ्यावा लागतो. आठवण द्यावीशी वाटते की, खुद्द सीबीआयनेही २०१० च्या अखेरीस, राजेश तलवारांवर संशय ठेवूनच, पुरावा पुरेसा नाही म्हणून प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला होता. तो दंडाधिकाऱ्यांनी नाकारला म्हणून खटला उभा राहिला.

खुनी कोण, हे आपण विचारले नाही आणि मीही सांगणार नाही. सीबीआयने सुटकेविरुद्ध २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अपील केले, हेमराजच्या पत्नीनेही दाद मागितली, आणि त्या बाईचा तो हक्क मला पूर्ण मान्य आहे. या सगळ्या चर्चेत तिच्या नवऱ्याचे नाव बहुधा दुसऱ्या क्रमांकावर येते किंवा येतच नाही. आपल्याला स्वतः तपासून पाहायचे असेल तर उच्च न्यायालयाचे २७३ पानी निकालपत्र घ्या, शेजारी विशेष न्यायालयाचे ठेवा, आणि घरकामाच्या बाईची साक्ष दोन्हीकडे कशी वाचली गेली आहे एवढेच आधी पाहा.