शहराची पुढची लोकसंख्या काढताना आधी हद्द बघ

भावा, एक्सेल उघडून लगेच ग्राफ ओढायला बसू नकोस, आधी हद्द बघ. मी नवीन असताना बंगळूरची २००१ ची ४३ लाख आणि २०११ ची ८४ लाख ही पालिकेची आकडेवारी घेतली, दहा वर्षात दुप्पट म्हणून तोच वेग पुढं ढकलला आणि २०३१ ला सव्वातीन कोटी आले, सरांनी वहीवर लाल पेनानं गोल करून फक्त "हद्द?" एवढंच लिहिलं. २००७ ला पालिकेत आजूबाजूच्या नगरपालिका आणि ११० खेडी घेतलेली की! अख्खा नागरी पट्टा, म्हणजे शहर आणि त्याला चिकटलेली वस्ती, धरला तर ५७ लाखाचे ८५ लाख, म्हणजे साधारण ५० टक्केच वाढ.

आपल्या बेळगावचंच बघ ना, हिंडलगा, कंग्राळी, पिरनवाडी घरं चिकटलेली पण मोजणी वेगळी, कॅन्टोन्मेंट तर आणखी वेगळं.

मग जन्म, मृत्यू आणि स्थलांतर वेगवेगळं काढ. कर्नाटकात बाईमागं मुलं सरासरी १.७ वर आलीत, त्यामुळं मोठ्या शहराची वाढ आता जास्त करून येणाऱ्या लोकांवर, आणि तेच सगळ्यात बेभरवशाचं. मुंबईत २००१ ते २०११ जेमतेम ४ टक्के वाढ, शेजारच्या ठाणे जिल्ह्यात ३६, जागा महागली की माणूस बाहेर सरकतोच.

२०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून २०११ वरून पुढं जाताना एकच आकडा देऊ नकोस, कमी-मधला-जास्त असे तीन दे, साहेब कुरकुरले तरी.