दिवा बंद होता, मग तिकीट कसलं?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझा २० वर्षांचा मुलगा आमच्या टाउनच्या व्हॉलंटियर फर्स्ट एड स्क्वॉडमध्ये, म्हणजे ॲम्ब्युलन्सवर काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या पथकात आहे. गाडी माझ्या नावावर आहे. रीतसर परवानगी घेऊन त्याने डॅशबोर्डवर कॉलवर जाताना लावायचा निळा दिवा बसवला आहे. मागच्या आठवड्यात आउटरब्रिज क्रॉसिंग ओलांडून स्टेटन आयलंडला मित्राकडे जाताना न्यूयॉर्क पोलिसांनी थांबवून त्याला तिकीट (नियमभंगाची दंडाची नोटीस) दिलं. दिवा बंद होता, त्याने ओळखपत्रही दाखवलं. हा अन्याय नाही का? की पैसे भरून मोकळं व्हावं? पुढच्या महिन्यात तो हीच गाडी घेऊन बॉस्टनला कॉलेजात जाणार आहे. मुलगा चांगलं काम करतो. दिव्यामुळे हल्ली कॉल आला की पाच मिनिटांत पोचतो, सिग्नलही आडवा येत नाही. आम्ही सगळे ग्रीन कार्डवर आहोत, म्हणून जास्त धास्ती.

उत्तर : पत्र वाचताना मला तिकिटापेक्षा त्या सिग्नलच्या वाक्याची जास्त भीती वाटली. त्याकडे येते. आधी तिकीट, कारण त्याला मुदत आहे.

तिकिटावर कलम ३७५ आणि उपकलम ४१ लिहिलेलं आहे का, ते पाहा. न्यूयॉर्कच्या व्हेइकल अँड ट्रॅफिक लॉमधलं हे उपकलम रंगीत दिव्यांबद्दल आहे. ज्याला परवानगी नाही त्याने असा दिवा गाडीला बसवायचाही नाही आणि दाखवायचाही नाही, असं ते सांगतं. म्हणजे दिवा बंद होता हे अर्धंच उत्तर झालं. तो बसवलेला होता का, हा प्रश्न उरतोच, आणि पोलिसाने बहुधा त्यावरच बोट ठेवलं असणार.

ओळखपत्राचं म्हणाल, तर ते न्यू जर्सीच्या कायद्याखाली मिळालेलं आहे आणि न्यू जर्सीच्या रस्त्यांपुरतंच आहे. एका राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स दुसऱ्या राज्यात चालतं, त्यामुळे बाकीचे कागदही चालतील असं आपण धरून चालतो. दिव्याचं तसं नाही. त्यातून तुमच्या मुलाची अडचण दुहेरी आहे. न्यू जर्सीत आग विझवणारे आणि फर्स्ट एडवाले, दोघांनाही निळाच दिवा, आणि गाडीवर जास्तीत जास्त दोन. न्यूयॉर्कमध्ये निळा एक दिवा व्हॉलंटियर फायर डिपार्टमेंटच्या सदस्याला आणि हिरवा एक दिवा व्हॉलंटियर ॲम्ब्युलन्सवाल्याला. तोही आपल्या चीफच्या लेखी परवानगीने, आणि वापरायचा फक्त इमर्जन्सीच्या कामावर असताना. तेव्हा खाडीपलीकडे मुलाकडे परवानगी नव्हती, आणि रंगही दुसऱ्याच खात्याचा होता.

याला अन्याय म्हणता येणार नाही. मुलाला ताकीद देऊन सोडता आलं असतं, हे मात्र मलाही वाटतं.

आता करायचं काय? स्टेटन आयलंडसह न्यूयॉर्क शहराच्या पाचही बरोंमधली (विभागांमधली) अशी तिकिटं ट्रॅफिक व्हायलेशन्स ब्युरोकडे जातात. तिथे सरकारी वकील नसतो, तडजोड नसते. गुन्हा कबूल किंवा नाकबूल, दोनच पर्याय. नाकबूल केलात तर ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लॉ जजपुढे सुनावणी होते आणि पोलिसाला आरोप स्पष्ट, पटण्याजोग्या पुराव्याने शाबित करावा लागतो. तुमच्या बाजूने एक मुद्दा आहे, पण तो दिवा नेमका कसा होता यावर अवलंबून. स्क्रूने पक्का केलेला असेल तर विषय संपला. नुसता डॅशबोर्डवर ठेवलेला आणि लायटरच्या सॉकेटमधून वायर काढलेला असेल, तर तो बसवलेला म्हणायचा का, यावर वाद घालता येईल. जिंकालच, असं मी सांगणार नाही. गाडी तिकिटाच्या दिवशी होती तशीच असेल तर आजच डॅशबोर्डचे फोटो काढून ठेवा, मगच दिवा हलवा.

पैसे भरून टाकलेत तर तो गुन्ह्याचा कबुलीजवाब ठरतो. तरी या प्रकारात ते फार महागात पडत नाही. हा इक्विपमेंटचा (गाडीवरच्या साधनाचा) दोष असल्याने न्यूयॉर्क पूर्वी यावर लायसन्सला दंडाचे पॉइंट लावत नसे; आता लावतं का, ते भरण्याआधी विचारून घ्या. न्यू जर्सी बाहेरच्या राज्यातल्या मूव्हिंग व्हायलेशनला (गाडी चालवताना केलेल्या नियमभंगाला) २ पॉइंट लावते, पण दिवा बसवणं हे मूव्हिंग व्हायलेशन नव्हे. एकच गोष्ट करू नका: दुसऱ्या राज्याचं तिकीट म्हणून ड्रॉवरमध्ये टाकून देऊ नका. मुदतीत उत्तर दिलं नाही तर न्यूयॉर्क मुलाचा तिथे गाडी चालवण्याचा हक्क निलंबित करेल आणि ती भानगड लायसन्सच्या मागे घरापर्यंत येईल.

बॉस्टनला जाताना दिवा घरी ठेवायचा. वाटेतल्या कनेटिकटमध्येही निळा आगवाल्यांचा आणि हिरवा वैद्यकीय व्हॉलंटियरचा. मॅसॅच्युसेट्समध्ये निळा म्हणजे पोलीस. तिथे आग विझवणाऱ्याच्या खासगी गाडीला लाल दिवा मिळतो, तोही रजिस्ट्रीचा (तिथल्या वाहन खात्याचा) परवाना काढून. ओहायो, व्हर्जिनिया, फ्लोरिडा इथेही निळा पोलिसांचाच. पेनसिल्व्हेनियात व्हॉलंटियरना निळा चालतो म्हणून तिकडे निर्धास्त जाऊ नका. तिथला कायदा कॉलवर जाताना किंवा घटनास्थळीच दिवा लावू देतो, आणि तुमच्या टाउनच्या स्क्वॉडचा कॉल काही फिलाडेल्फियात येत नाही. दुसऱ्या राज्यातून मदत मागितली गेलीच, तर त्यासाठी स्क्वॉडची ॲम्ब्युलन्स आहे.

आता तो सिग्नल. आपल्यापैकी बरेचजण लाल दिव्याच्या गाडीला रस्ता मोकळा होताना बघत लहानाचे मोठे झालो. दिवा म्हणजे हक्क, हे तिथून डोक्यात बसलंय. भारतात १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचेही दिवे उतरले, डोक्यातला अजून उतरायचाय. न्यू जर्सीत निळा दिवा लावलेल्या व्हॉलंटियरला इतरांनी वाट द्यायची असते. पण तोच कायदा पुढे म्हणतो की या सदस्याला इतर चालकांपेक्षा कसलीही जादा सवलत नाही आणि त्याने वाहतुकीचे सगळे नियम पाळायचे, सिग्नलसकट. लाल लागला की थांबायचं. वेगमर्यादा तीच. न्यूयॉर्कमध्ये तर अशा दिव्याला सौजन्याचा दिवा म्हणतात: कुणी बाजूला झालं तर त्याचा चांगुलपणा, नाही झालं तर मागे थांबायचं.

मुलगा सिग्नल तोडत असेल, तर उद्या धडक झाल्यावर दिवा त्याच्या बाजूने साक्ष देणार नाही. उलट समोरच्या पक्षाचा वकील त्याच दिव्यावरून विचारेल की प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला नियम माहीत होता ना? आणि गाडी तुमच्या नावावर आहे. न्यूयॉर्कच्या हद्दीत तुमच्या परवानगीने तो गाडी चालवत असेल आणि त्याच्या निष्काळजीपणाने कुणाला इजा झाली, तर कलम ३८८ खाली मालक म्हणून तुम्हीही जबाबदार. आज रात्री मुलाला समोर बसवून हे सांगा. आणि विमा कंपनीला लेखी विचारा की व्हॉलंटियर कॉलवर जाताना झालेला अपघात तुमच्या पॉलिसीत धरला जातो का. फोनवरच्या 'हो'वर विसंबू नका.

ग्रीन कार्डची धास्ती या तिकिटापुरती सोडा. दिवा लावून कुणाची गाडी थांबवली किंवा पोलीस असल्याचं भासवलं, तर मामला फौजदारी होतो आणि मग आधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठावं लागतं. तुम्ही लिहिलंय त्यात तसं काही नाही. मात्र पुढे नागरिकत्वाच्या अर्जात पोलिसांनी कधी पकडलं किंवा साइट केलं (तिकीट दिलं) होतं का, असा प्रश्न येतो, आणि तिथे हे तिकीट सांगावं लागेल. म्हणून तिकिटाची प्रत, ब्युरोचा निकाल आणि दंड भरलात तर त्याची पावती मुलाच्या फाइलमध्ये ठेवून द्या.